आधी शून्य

४ मार्च, सोमवार
नऊला दुकान उघडलं. दोन तराजू आणि एक मोठा काटा दुरुस्त केला. फोन सव्वीस वेळा वाजला, सव्वीस वेळा उठलो. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, वहिनी कुठे? सांगितलं, बाहेर गेली आहे. ही जाऊन परवा चार महिने होतील. लोकांना कळवायचं राहून गेलं. कामाची गडबड असते.
संध्याकाळी ठरवलं. लँडलाइन बंद, इंटरनेटचा फोन घ्यायचा. धंदा मॉडर्न करण्यासाठी. दुसरं काही कारण नाही.

६ मार्च, बुधवार
मुलीला सांगितलं. ती म्हणाली, करा बाबा, पण नंबर तोच ठेवा, आईने काय सांगितलं होतं आठवतंय ना. आठवतं. हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात. "दुकानाचं काय करायचं ते करा, नंबर तेवढा बदलू नका. अठ्ठावीस वर्षं लोकांना पाठ आहे." मी हो म्हणालो होतो.
आपण दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याखाली हिने चिकटवलेलं स्टिकर आहे. त्यावर तो नंबर, हिच्या अक्षरात. तो बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

११ मार्च, सोमवार
फोनवाला आला. राउटर आणि तीन नवे फोन बसवले. जुना नंबर नव्या फोनवर यायला तीन आठवडे लागतील म्हणाला. तोवर नव्या फोनला तात्पुरता नंबर दिला आणि जुन्या लाइनवरचे कॉल त्यावर वळवून ठेवले. "काका, मी सांगेपर्यंत जुनी लाइन बंद करायची नाही." हे दोनदा सांगितलं. सगळ्यांनाच दोनदा सांगत असावा.
फोन केला की आधी माझा आवाज येतो. दुरुस्तीसाठी एक दाबा, तपासणीसाठी दोन, इतर चौकशीसाठी तीन. रेकॉर्डिंग सतराव्या वेळी जमलं. एक आणि दोन माझ्या टेबलावर वाजतात. तीन हिच्या टेबलावर. तिथे जागा रिकामी होती.

१४ मार्च, गुरुवार
कॉम्प्युटरवर रोजचा रिपोर्ट येतो. एक: चार कॉल. दोन: दोन कॉल. तीन: एकतीस. म्हणजे इतर चौकशी प्रचंड आहे. धंदा वाढतो आहे.
तीनचे कॉल कोणी उचलले नाहीत. त्या टेबलावर माणूस नेमावा लागेल. सोमवारी जाहिरात देणे.

१८ मार्च, सोमवार
जाहिरात दिली नाही. टेबल न आवरता माणूस बसवणार कुठे? आवरायला गेलो. हिचा चष्मा, कोऱ्या स्टिकरचा गठ्ठा, निळं स्केचपेन. पेनाचं टोपण सैल होतं, ते घट्ट लावलं. आजच्यापुरतं एवढं पुरे.
मेव्हणा येऊन बसला होता. तीन नंबर वाजायचा थांबेना. शेवटी म्हणाला, "दाजी, उचला की. फोन आहे तो, विंचू नाही." मी सांगितलं, तो माझा विभाग नाही. तो हसला. मग त्याने त्या टेबलाकडे बघितलं. चहा न घेताच गेला.

२१ मार्च, गुरुवार
कॉल वळताना जुना फोन एकदा अर्धवट वाजतो. मी दर वेळी हिच्या टेबलाकडे बघतो. आज त्यात पन्नास ग्रॅमचं वजन हातातून पडलं. कडेला खोक पडली, म्हणजे ते वजन आता कामातून गेलं.
आमच्या कामात पहिला नियम असतो. मोजण्याआधी काटा शून्यावर आणायचा. पारड्यात जुनं काही राहिलं तर नवं माप खोटं येतं. फोनवाल्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तो काटेवाला नाही. टेलिफोन ऑफिसात जाऊन जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नंबर सोडताय का? म्हटलं, छे, फक्त लाइन. त्यांनी शिक्का मारला.

२३ मार्च, शनिवार
लाइन बंद झाली. दुकानात अगदी शांत. हातातून काही पडलं नाही. रिपोर्ट: शून्य, शून्य, शून्य. सुरुवात अशीच हवी.

२७ मार्च, बुधवार
अजून शून्य. सगळ्यांचे काटे नीट चालत असावेत. आपण काम चोख करतो, त्याचा हा तोटा.

२८ मार्च, गुरुवार
फोनवाल्याने मोबाइलवर फोन केला. विचारलं, काका, जुनी लाइन बंद केलीत का? हो म्हटल्यावर त्याने समजावलं. बंद लाइनचा नंबर हलवता येत नाही. नंबर हलवण्याचा त्याचा अर्ज परत आला.
टेलिफोन ऑफिसात गेलो. त्याच बाई. त्यांनी दोनदा तपासून बघितलं. नंबर कंपनीकडे परत गेला आहे, पुढे दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. मी म्हणालो, तो माझ्या बायकोचा नंबर आहे. बाईंनी कागद बघितला. कागदावर माझं नाव होतं.

२९ मार्च, शुक्रवार
मुलीला सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगावं.
ठराव: प्रत्येक दुकानात जाऊन नव्या नंबरचं स्टिकर लावणे. रोज वीस दुकानं धरली तर दीड महिन्यात काम पुरं.

४ एप्रिल, गुरुवार
आजवर दुकानं: एक. तेही मी गेलो नाही. चौकातला किराणावालाच काटा खांद्यावर घेऊन आला. दहा दिवस फोन लावत होता. असा नंबरच नाही म्हणतात. "म्हटलं, दुकान गुंडाळलंत की काय. वहिनींना बोलवा आधी, त्यांच्याशीच भांडायचंय."
बाहेर गेली आहे म्हणणार होतो.
"ती नाही आता," म्हणालो. "नोव्हेंबरात गेली."
तो काटा खांद्यावर तसाच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मागच्या महिन्यात तर तुम्ही बाहेर गेल्यात म्हणालात."
मी हो म्हणालो. त्याने काटा हळूच खाली ठेवला. भांडला नाही. संध्याकाळी नेतो म्हणून गेला.
रिकामा काटा चाळीस ग्रॅम दाखवत होता. शून्यावर आणला. उलटा करून हिचं स्टिकर बघितलं. काढलं नाही.
हिच्या टेबलावर बसून नवी स्टिकरं लिहायला घेतली. पेन चालू होतं. नवा नंबर पाठ नाही, कागदात बघून लिहावा लागतो. तिसऱ्या स्टिकरवर जुनाच लिहिला गेला. ते बाजूला ठेवलं आणि चौथं घेतलं.