उर्दूतली सही

अण्णा, लाभांश आता पाकिटातून येत नाही. फोन किणकिणतो, खात्यात रक्कम जमा झाल्याचं दोन ओळींत कळतं आणि तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहता. मी वळून बघत नाही. या वयात काय दिसेल आणि काय नाही याचा भरवसा राहिलेला नाही. पण आवाज अगदी स्वच्छ येतो, "हात लावायचा न्हाई. परत पेरायचा." तुम्हाला जाऊन एक जमाना झाला, आई गेली, मी शाळेतून निवृत्त झाले, तुमचा हुकूम तेवढा निवृत्त व्हायचं नाव घेत नाही. मीही निमूटपणे त्या पैशांचे पुन्हा शेअर घेते आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

परभणीत स्टेशनच्या मागे आपली एकच खोली होती. एका कोपऱ्यात आईची चूल, दुसऱ्या कोपऱ्यात तुमची लोखंडी ट्रंक, मधे आपण. तुम्ही तिथल्या कृषी विद्यापीठाच्या हिशेब शाखेत कारकून. पगार महिनाअखेरीपर्यंत कसाबसा पोचायचा, आणि तरी मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही कुठूनसा फॉर्म मिळवून औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतलेत. आईला वाटलं, लॉटरीचं तिकीट आणलंय. मग तुम्ही आम्हाला दोघींना समोर बसवून समजावलंत. हा कंपनीतला आपला बारीकसा हिस्सा. कंपनी कमावते, वर्षाला आपला वाटा पाठवते. तो खायचा नाही, त्याचे पुन्हा शेअर घ्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी वाटा वाढतो, वाढलेल्या वाट्याचे आणखी शेअर. वीस वर्षं, तीस वर्षं असंच. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "समदं बराबर हाय. पन खायचं कवा?" तुम्ही खो खो हसलात. तुम्ही हसलेले मला फार थोड्या वेळा आठवता, त्यातली ही एक.

तुमच्या ऑफिसातले लोक तेव्हा प्लॉट घेत होते. तुम्हीही गेला होतात एकदा, मला सायकलवर पुढं बसवून. मालकानं चहा मागवला, भाव सांगितला, तुम्ही हो म्हणालात. मग त्यानं तुमचं आडनाव विचारलं आणि गावही विचारलं. चहा यायच्या आतच त्याला आठवलं की प्लॉट भावाच्या नावावर आहे आणि भावाला विकायचा नाही. परत येताना रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा म्हणालात, "कंपनीनं मला जात इच्यारली न्हाई बघ. त्यांच्या फॉर्मवर तसला रकानाच न्हाई." मला तेव्हा ते फार मोठं वाटलं नाही. आज वाटतं, तुमचा सगळा व्यवहार त्या एका वाक्यावर उभा होता.

गंगाखेडच्या बाजूला आपल्या गावात आजी एकटी राहायची, चार शेळ्या घेऊन. तिच्या घराला उसाच्या पाचटाचं छप्पर. दर पावसाळ्यात ते गळायचं आणि दर पावसाळ्यात ती एसटीनं येऊन तुम्हाला सांगायची, "पत्रे टाक रं लेका. लय न्हाई मागत." तुमच्याकडे लाभांशाचं पाकीट आलेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, "माय, पुढच्या साली. औंदा ह्याचे शेअर घेतले की पुढच्या साली पत्रेबी व्हतेल अन् वर उरतेलबी." पुढच्या साली पुन्हा तेच. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा विदेशी कंपन्यांचे शेअर नुकतेच लोकांना मिळायला लागले होते आणि तुमचा जीव त्यातच अडकला होता. आजी उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. मान वर न करता म्हणाली, "शेरडं इकून तुला शिकवलं म्या. तवा म्हनले का, ऱ्हाऊ दे, पुढच्या साली दोनाच्या चार व्हतेल, मंग जाय शाळंला?" तुम्ही शर्ट चढवून बाहेर गेलात. मला तुमचा राग आला होता, अण्णा, आणि आजीचाही, कारण तिच्यामुळे तुमचं तोंड एवढंएवढं झालं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटायला लागल्या. आपल्या गावचीही पेटली. दोन दिवस तुम्हाला गावाकडं कुणी जाऊ देईना. तिसऱ्या दिवशी चुलतकाका आजीला घेऊन आले. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला, शेळ्या गेलेल्या. छपरावर पेटता टेंभा पडला आणि पाचट कागदासारखं जळालं, एवढंच काका सांगत राहिले. पत्रे असते तर घर वाचलं असतं का, हे कुणी म्हणालं नाही. लाकडी दार होतं, खांब होते, ते जळालेच असते म्हणा. पण त्या खोलीत प्रत्येकजण मनातल्या मनात ते पत्रे टाकून बघत होता. आणि तुम्ही, काय सुचलं कुणास ठाऊक, ट्रंक उघडून शेअरची सर्टिफिकेटं तिच्यापुढे ठेवलीत. "माय, तुज्या पत्र्याचं पैसं बुडालं न्हाईत. हे बघ, ह्याच्यात हायत." आजीनं डाव्या हातानं त्या जाड कागदावरून हात फिरवला. नक्षी छान होती, कडेनं हिरवी वेलबुट्टी. ती म्हणाली, "ह्याच्याखाली निजता येतंय का?" टोमणा नव्हता तो. ती खरोखरच विचारत होती.

आजीचं घर पुन्हा उभं करायला तुम्ही शेअर विकायचं ठरवलंत. आई म्हणाली, पतपेढीचं कर्ज काढा, पण ते आधीच तिच्या आजारपणात उचललेलं होतं. त्या वेळी परभणीत बसून शेअर विकणं म्हणजे मुंबईच्या दलालाला सर्टिफिकेट आणि सही केलेला हस्तांतराचा फॉर्म टपालानं पाठवायचा, तिथून ते कंपनीत जाणार, कंपनी तुमची मूळ सही ताडून बघणार, मग पैसे. तुम्ही आईच्या पोळपाटावर फॉर्म ठेवून सही केलीत. मी दिवा सरकवून धरला होता, पावसाची झड लागून भर दुपारी अंधारलं होतं. त्यानंतर चार दिवसांत आजी गावाकडं निघून गेली. किती अडवलं तिला. "माजी जागा दुसरं कोन तरी घेईल," एवढंच म्हणायची. काळ्या राखेवर बांबू रोवून, वर ताडपत्री टाकून ती तिथं राहायला लागली. आणि दिवाळीच्या सुमारास तुमचं पाकीट परत आलं. सही जुळत नाही.

तुम्ही निजामाच्या शाळेत शिकलेले. पहिलं अक्षर तुम्ही उर्दूत गिरवलंत, पण पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर नोकरीत लागल्यापासून तुमची सही मराठीतच. शेअरच्या फॉर्मवर मराठीत, बँकेत मराठीत, माझ्या प्रगतिपुस्तकावर मराठीत. त्या दिवशी मात्र उजवीकडून डावीकडे, लहानपणची उर्दूतली. तशी सही केल्याचं तुम्हाला स्वतःलाही आठवत नाही, असं तुम्ही आईला म्हणालात. "हातानं आपोआप केली गं. माय समोर भाजलेली बसली हुती, अन् मी परत शाळंतला पोरगा झालो." आईनं विश्वास ठेवला. त्याच थंडीत आजी ताडपत्रीखाली वारली. छातीत कफ भरला होता. तुम्ही दुसरा फॉर्म भरला नाहीत. भरून तरी कुणासाठी.

पण अण्णा, आजी त्या दिवशी समोर बसलेली नव्हती. ती बाहेर पडवीत शेजारणीकडून हाताला मलम लावून घेत होती, मी पाहिलंय. आणि तुमचं काम काय होतं? सह्या ताडणं. प्राध्यापकांच्या बिलांवरची सही एका वळणानं हुकली तरी तुम्ही बिल परत पाठवायचात, लोक तुमच्या नावानं बोटं मोडायचे. अशा माणसाची स्वतःची सही चुकावी, आणि तीही लिपीसकट? की हातानं करायचं ते केलं आणि डोळ्यांनी बघितलं नाही? तुम्हाला ते शेअर सोडवत नव्हते, हे मला माहीत आहे. सही करण्याआधी तुम्ही सर्टिफिकेटावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली होती. मी तुम्हाला कधी चोर समजले नाही, खोटारडेही नाही. तरी हा संशय माझ्या मानेवर बसलाय तो उतरत नाही. कधी वाटतं, शुद्ध दुःखानं झालं ते, आणि मी किती नीच आहे. कधी वाटतं, तुम्हाला स्वतःलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर तुम्ही एक पैसाही काढला नाहीत. बोनस शेअर आले, लाभांश वाढला, सगळा परत त्यातच. चपलेला तळ लावून लावून मूळची चप्पल उरली नव्हती. आईनं पंखा मागितला तर म्हणालात, माय ताडपत्रीखाली गेली आणि मी पंख्याखाली बसू? मी शिकले, नोकरीला लागले, तेही तुमच्या पगारावरच. तुम्ही ट्रंकेला हात लावू दिला नाहीत. आता ते सगळं माझ्या नावावर आहे, तुमच्या ऑफिसातल्या साहेबलोकांकडेही कधी नसेल एवढं. वस्तीत आता सगळी सिमेंटची घरं आहेत, लोकांनी आपापली बांधली. आजीच्या जागेवर काही बांधावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा शेअर विकायचा फॉर्म उघडला आणि मिटला, कारण तुम्ही मागे उभे होतात आणि तुमचा श्वास ऐकू येत होता.

विचारायचं एवढंच होतं, सही मुद्दाम केलीत का. आता इथवर लिहिल्यावर कळतंय की उत्तर मिळालं तर माझीच पंचाईत होईल. मुद्दाम केली असेल तर हे सारं मला ठेवता येणार नाही, आणि ठेवायचं तर आहे. म्हणून हा कागद मी कुठं नेऊन ठेवणार नाही, तुमच्या फोटोपुढेही नाही, चुलीत घालीन. मात्र एक सांगून टाकते. गेल्या आठवड्यात यंदाचा लाभांश जमा झाला, वाटा चांगलाच वाढला होता. तो आकडा वाचल्याबरोबर मला आनंद झाला, अण्णा. निव्वळ आनंद. आजी त्यानंतर आठवली.