सव्वीस इंची रिमा आणि धाकट्याचा उजवा हात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सायकलींची चाके बांधणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर आणि रागात नसताना लिहून ठेवीत आहे. ‘रागात नसताना’ हे शब्द घालायला वकील तयार नव्हते. मला ओळखणाऱ्यांना ते लागतील. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे भांडण करून घरी आल्यावर लिहिलेली होती, ती रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागचा पत्र्याचा आडोसा, माझ्या एकुलत्या एक मुलाला. त्याची चाकांची खुर्ची आत-बाहेर जावी म्हणून उंबरठे मी स्वतः पहारीने फोडले आहेत. न्हाणीचे दार अजून चार बोटे अरुंद आहे. सुताराच्या अंगावर मी त्याचाच रंधा फेकला, म्हणून ते काम राहिले. मुलाने दुसरा सुतार बघावा.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलालाच. नवऱ्याला काही नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने माझ्यावर हात उगारला. मी पायपंप उचलला आणि त्याचे मनगट मोडले. मूल पोटात असताना तो निघून गेला, तो गेलाच. आता हक्क सांगत आला तर त्याला पंप दाखवावा, ओळखेल.

कलम ३. माळ्यावरच्या तीनशे दहा सव्वीस इंची रिमा. यांची हकिकत सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

दुकान माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे, दोघांनी मिळून उभे केलेले. डोंगरउतारावर पळवायच्या सायकली आमच्याकडे येत. तेव्हा सगळी चाके सव्वीस इंची होती. मग एकोणतीस आली, मागोमाग साडेसत्तावीस. कोणते माप धरायचे, यावर आमची जुंपली.

धाकटा म्हणाला, “ताई, यंदाच्या यादीत सव्वीसचा एकही नवा फोर्क नाही. रिम तू बांधशील, स्पोक तू कापशील. फोर्क कुठून आणणार?” फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा, हवेवर दबणारा दांड्यांचा चिमटा.

“डोंगर काय मोठा झालाय, चाक मोठं करायला?” मी म्हणाले.

तो हसला. त्याचे हसणे मला झोंबले. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा लोखंडी स्टँड मी त्याच्या तोंडावर भिरकावला. कपाळाला चार टाके पडले. डोक्याला पट्टी बांधून तो परत आला आणि दुकानाच्या मधोमध रंगाने रेघ मारली. डावी भिंत माझी, सव्वीसची. उजवी त्याची, साडेसत्तावीस आणि एकोणतीसची. तो असाच आहे, मार खातो आणि कामाला लागतो.

मी त्याच आठवड्यात घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. “सव्वीस कधी मरत नाही, बाई,” तो म्हणाला, आणि मी त्याच्याकडच्या सगळ्या रिमा उचलल्या. तो गोदाम साफ करत होता आणि मी त्याचा झाडू झाले. दोन वर्षांनी सव्वीसचे चांगले टायरही यायचे बंद झाले, तेव्हा मी जाऊन त्याच्या दुकानाची काच फोडली. काचेबरोबर त्याचे नाकही फुटले, त्याचे मला वाईट वाटत नाही. तीनशे दहांतली एक रिम त्याला द्यावी. ती गळ्यात घालून त्याने बाजारातून एक चक्कर मारावी.

उरलेल्या रिमा मुलाला. त्याच्या खुर्चीचे मोठे चाक याच मापाच्या रिमेवर बसते. त्याच्या जन्माला पुरतील. माझे माप टिकले ते असे. ही गोष्ट मला कधीच कळायला नको होती.

कलम ४. हत्यारे: स्पोकच्या चाव्या, कातर, स्टँड, सगळी धाकट्याला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे वळत नाहीत, तेव्हा त्याला उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी त्यालाच. बाकाची मोठी हातोडी मात्र कोणाला देऊ नये. ती मी नदीत टाकली आहे.

कलम ५. दुकानातला माझा निम्मा हिस्सा, पाटीसकट, धाकट्या भावाला. कारण पुढीलप्रमाणे.

अकरा वर्षांपूर्वी, शर्यतीच्या सकाळी, मुलाच्या सायकलचा पुढचा टायर मी दाबून पाहिला तर रबर कडक होऊन चिरलेले. माळ्यावरचे बाकीचेही तसेच. मुलगा नंबर घ्यायला गेला होता, धाकटा अजून यायचा होता. मी रेघ ओलांडली, उजव्या भिंतीवरचे त्याचे नवे साडेसत्तावीसचे चाक काढले आणि मुलाच्या सव्वीसच्या फोर्कमध्ये बसवले. फिरवून पाहिले. वर एक बोटाची फट होती. छान फिरत होते.

कोणाही चाकवाल्याला ठाऊक असते की फोर्कमधली हवा सोडायची, तो पूर्ण खाली दाबायचा आणि मग फट बघायची. उडी मारल्यावर फोर्क दबतो. मला हे ठाऊक होते. दुसऱ्या कोणी विसरले असते तर मी त्याच्या कानाखाली काढली असती. पण धाकटा येऊन मला त्याच्या भिंतीपाशी बघेल, या घाईत मी ते केले नाही.

मुलाने परत येऊन विचारले, “मामाचं चाक?”

मी म्हणाले, “हो. मामानंच बसवून दिलंय.”

तिसऱ्या उडीला फोर्क तळाला गेला, टायर फोर्कच्या माथ्याला घासून अडकला आणि चाक जागच्या जागी थांबले. मुलगा हँडलवरून उडून दगडावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कमरेखाली त्याला त्या दिवसापासून काही जाणवत नाही.

त्याला गाडीतून नेल्यावर धाकटा त्या सायकलपाशी बसला. फोर्कच्या माथ्याखाली अंगठा फिरवला, अंगठ्याला काळे रबर आले. त्याने माझ्याकडे बघितले. शर्यतवाल्यांनी विचारले, “हे चाक कोणी बसवलं?”

शर्यतीपाशी मांडलेल्या आमच्या दुरुस्तीच्या बाकावर हातोडी होती. मी त्याचा उजवा हात बाकावर ओढला आणि तीन घाव घातले. चौथा लोकांनी अडवला. “तुझ्या चाकानं माझ्या पोराला मारलं,” असे मी ओरडत होते, आणि अकरा वर्षे सगळे समजत आले की आईचा जीव, भान राहिले नाही. तसे नव्हते. भान होते. तो बोलेल, या भीतीने मी मारले.

तो बोलला. मोडलेला हात पोटाशी धरून तो म्हणाला, “मी बसवलं.”

त्यानंतर एकाही शर्यतवाल्याने त्याला सायकलला हात लावू दिला नाही. तो ट्यूब विकतो. मुलाला बघायला आला तेव्हा मुलाने त्याच्या डोक्यात काचेची बाटली फोडली. “परत आलास तर खुर्चीखाली घालीन,” असे म्हणाला. मी शेजारच्या खोलीत चादरी घडी करत होते. मी घडी करत राहिले. माझ्या आयुष्यात मी बरीच माणसे फोडली, पण त्या चादरींइतके वाईट काम केलेले मला आठवत नाही.

कलम ६. दुकानात पुढे कोणते माप ठेवावे हे धाकट्याने ठरवावे. माझे मत कोणी विचारू नये, तरी लिहिते. कोणते चाक चांगले पळते हे बघू नका, सगळीच पळतात. या वर्षी नवा फोर्क, नवा टायर आणि नवी रिम तिन्ही कोणत्या मापात निघाली ते बघा, आणि आवडत नसले तरी तेच घ्या. मन नको म्हणत असेल तर नक्की घ्या.

कलम ७. वर न आलेले, किंवा काही कारणाने कोणाला न पोचलेले जे काही राहील, ते सर्व धाकट्या भावाला.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच अक्षरात. हे मी मेल्यावर उघडावे असे ठरवले होते. वकील सहज म्हणाले, “म्हणजे तुम्ही सुटलात, बाई.” ते मला लागले. म्हणून मुलाला बोलावून सगळे वाचून दाखवले. पाचवे कलम संपेपर्यंत त्याने ऐकून घेतले. मग टेबलावरचा पितळी पेपरवेट त्याने माझ्या तोंडावर मारला. दोन दात गेले. पान तीनवरचा डाग त्या रक्ताचा आहे, ती खाडाखोड समजू नये. वकील पोलिसांना फोन करायला उठले. मी त्यांना खाली बसवले.

मुलाने वकिलांना विचारले, “साक्षीदार कोण?”

वकील म्हणाले, “आमचे कारकून, आणि अजून एक आणायचाय. तुम्ही नाही चालणार. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं बाद होतं.”

“बाद झालेलं कोणाला जातं?”

“सातव्या कलमाप्रमाणे, मामांना.”

“पेन द्या.”

मी म्हणाले, “घर जाईल रे. तुझं घर आहे ते.”

त्याने माझ्याकडे बघितले नाही. वकिलांनी पेन दिले. यात मी काही बदल करत नाही.

स्थळ: वकिलांची कचेरी, तळमजला, रस्त्याकडची खोली.
दिनांक: नऊ मार्च, दुपारी साडेबारा.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला, वकिलांचे कारकून: (सही)

साक्षीदार दुसरा, मृत्युपत्र करणारीचा मुलगा: आईने माझ्यासमोर सही केली. मी सगळे ऐकले आहे. मामाकडे जायला तिच्या मरणाची वाट बघणार नाही, आत्ताच निघालो आहे. (सही)