कोरडं अंग

रिठद, २ एप्रिल १९५६
परत ताप! सकाळी चांगला खेळत होता. ऊन डोक्यावर आलं आणि उकंड्याचं अंग तव्यासारखं तापलं. सासूबाईंनी घोंगडीत गुंडाळला. त्यांचं एकच — घाम सुटला की ताप उतरतो. पण सुटतो कुठे? चार वर्षांचा झाला, याच्या कपाळावर मी घामाचा थेंब पाहिला नाही. तोंडात दोनच दात, तेही टोकदार. केस विरळ. थोरलाही असाच होता. तापातच, सासूबाईंच्या मांडीवर गेला. हा तरी जगावा म्हणून उकिरड्यावरून नाव उकंडा ठेवलं. नावानं काय होतंय!

३ एप्रिल
रात्र झाली तसा ताप आपोआप उतरला. सासूबाई म्हणतात, घोंगडीनं उतरला.

८ एप्रिल
रिसोडच्या बाजाराला गेले, उकंडा कडेवर. कडुनिंबाखाली तांड्यावरची एक बाई डिंक विकत बसली होती. शेजारी तिचा मोठा पोरगा, अंगात ओलाचिंब सदरा. हसला — तोंडात दोनच दात. टोकदार! मी तिथंच थांबले. बाईनं मला पाहिलं, मग उकंड्याला. त्याचा ओठ बोटानं वर केला.

"याले घाम येत नाई ना?"

भर बाजारात रडले मी. इतक्या वैद्यांना दाखवला, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

तिचं नाव हिरीबाई, पोरगा रूपला. तिचे भाऊही असेच होते, लहानपणीच गेले. रूपलाला तिनं पाण्यानं जगवला. घाम नाही म्हणून अंगातली उष्णता अंगातच राहते, म्हणाली. सदरा भिजवायचा, वाळला की परत भिजवायचा. गुंडाळायचं तर मुळीच नाही. "गुंडाळशीन त मरन," असं तोंडावर म्हणाली. राग नाही आला.

९ एप्रिल
घरी सांगितलं. सासूबाई भडकल्या. तापल्या पोरावर पाणी? आणि तेही तांड्यावरच्या बाईचं ऐकून? हे गप्प. सासूबाईंच्या ओरडण्यापेक्षा यांच्या गप्प बसण्याची चीड येते मला.

१४ एप्रिल
हिरीबाई आली, रूपलाला घेऊन. आपणहून आली! सासूबाईंनी अंगणातच बसवलं. मला लाज वाटली. पाण्याचा लोटा मीच नेला आणि तिच्याजवळ बसले. भाकरी ताकात कुस्करून कशी द्यायची, भर उन्हात डोक्यावर काय ठेवायचं, सगळं सांगितलं तिनं. रूपला भिजल्या सदऱ्यानिशी आमच्या शेळीमागे उन्हात पळत होता. सासूबाई दारातून बघत होत्या. किती वेळ!

२१ एप्रिल
आज फार ताप. उकंडा डोळे फिरवायला लागला. सासूबाई घोंगडी घेऊन आल्या. मी पोर उचलला आणि रांजणापाशी नेला. तांब्यावर तांबे ओतले. "पोराचा जीव घेतं काय वो!" त्या ओरडत होत्या. हा गेला तर मीच मारला म्हणतील, हेच डोक्यात. तरी ओतत राहिले.

मग उकंड्यानं डोळे उघडले. गूळ मागितला!

हे उठले, घागर घेऊन विहिरीवर गेले. भरून आणून रांजणात ओतली.

२२ एप्रिल
घोंगडी खुंटीवर नाही.

२९ एप्रिल
उकंड्याचा सदरा आज सासूबाईंनी भिजवला. वर मलाच बोलल्या, लक्ष कुठं असतं तुझं! बोलू दे.

१० मे
अनसिंगहून एक बाई आली, हिरीबाईनं पाठवलेली. मी विहिरीवरून आले तेव्हा ती ओसरीवर होती. मांडीवर बिनदाताचं पोर, तापलेलं. सासूबाईंनी त्याच्या अंगावरची गोधडी ओढून काढली होती, हातात तांब्या होता. मी दारात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला हळूच म्हणाल्या, "याले गुंडाळू नोको, माय. आमचा थोरला म्या गुंडाळला होता."