एकाच दिशेचा अँटेना

बाबा,

नवा अँटेना लावल्यापासून तुम्ही "चित्र काय स्वच्छ येतंय!" म्हणत बातम्या बघत बसता आणि मी आपली खूश. काल न्हाव्याच्या दुकानाबाहेर दुखऱ्या गुडघ्यांनी उभ्याने आतल्या टीव्हीवर कुस्ती बघताना तुम्ही दिसलात, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला अँटेना एकाच दिशेचं पकडतो आणि कुस्तीचं चॅनल मागच्या टेकडीवरच्या टॉवरवरून येतं. अँटेना घेताना दुकानदाराशी मी टॉवरचं अंतर, गच्चीची उंची, सगळं बोलले. तुम्ही काय बघता, तेवढं तुम्हाला विचारलं नाही.

चारी बाजूंचं पकडणारा बदलून आणायला जातेय. चहा थर्मासमध्ये आहे. आणि या वेळी मनासारखं लागलं नाही, तर भिडेखातर गप्प बसू नका. लेकीवर ओरडता तसं माझ्यावर ओरडा.

— सून