मेल्या पायाला कळतं

येरमाळा, चैत्र पौर्णिमा, १९६२

शाळेतले सगळे मास्तर देवीच्या यात्रेत रिवाजाप्रमाणं चुनखडीचे खडे वेचायला गेले. मी खोलीवरच. पोलिओचा पाय त्या गर्दीत कुठं नेणार?

संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या चांदबी चाची तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पाय शेकायला आल्या. वीट लई गरम. म्हणाल्या, "पाय तर मेलाय मास्तर, त्याला काय कळतंय?"

कळतं, चाची. वर्गात मीच शिकवतो की मज्जारज्जूत हालवणाऱ्या पेशी वेगळ्या, जाणवणाऱ्या वेगळ्या. आईच्या पोटातच त्यांची वाटणी होते. माझ्या फक्त हालवणाऱ्या मेल्या.

मग बोललो का नाही? पोटरीवर फोड आलाय. पण विटेमागं चाचींचा हात होता. कित्येक दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता. वीट उचला म्हणालो असतो, तर हातही गेला असता.