भिंतीवरून उतरलेली वाकळ

शनिवार, ७ जानेवारी १९८४, खासबाग

पार पडलं एकदाचं. खडेबाजारातल्या आमच्या गॅलरीत खानापूरच्या रानातल्या सिद्दी बायकांनी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या वाकळा मांडायच्या, हा हट्ट माझाच. गॅलरीचे मालक नाखूश होते. काही बिनसलं असतं तर पुन्हा असलं प्रदर्शन नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

संध्याकाळी पाहुणे जमले, पेपरवाला कॅमेरा घेऊन आला, आणि बघते तर मधली भिंत मोकळी. सगळ्यांत मोठी, लाल-निळ्या तुकड्यांची वाकळ जागेवर नाही. चोरीला गेली की काय?

शोधत मागच्या खोलीत गेले. वाकळ शिवणारी मरियाक्का तिथं बसलेली, मांडीवर तान्ही नात, आणि नातीच्या अंगावर तीच लाल-निळी वाकळ.

"आक्का, ही का काढलीस गं?"

"पोरगी थंडीनं काकडायलती. वाकळ असून तिला गारठवू व्हय?"

वळते तर मालक दारात उभे. आता संपलंच, असं वाटलं. ते पोरीकडं बघत राहिले. मग पेपरवाल्याला बोलावून हळूच म्हणाले, "फोटो इथंच काढा. चालंल न्हवं, आक्का?"

"काढा की. पर लाईट पाडू नका, आत्ताच डोळा लागलाय."

पाहुणेही एकेक करून पाय न वाजवता आत आले, बघून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

सगळे गेल्यावर मी वाकळ परत लावायचं विचारलं. मालक म्हणाले, "गडबड कशाला? पोरगी उठूदे."