डाव्या नळीतली पट्टी

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

शी! स्वतःचीच किळस येते आहे. बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या एका हवालदारांच्या मोटारसायकलला आज पुढच्या फोर्कच्या दोन्ही नळ्यांना नवे सील घातले. माझा मिस्त्री जुगल तेल भरत होता, मी गल्ल्यावर. उजव्या नळीत स्टीलची पट्टी घालून त्याने तेलाची पातळी मोजली, तिची किणकिण मी ऐकली. डावीकडे पट्टी वाजलीच नाही. बेट्याने अंदाजाने ओतलं! कळूनही मी गप्प बसलो. का? चहा निवत होता म्हणून?

हवालदार बायकोला मागे बसवून निघाले. ती त्यांना मराठीत म्हणाली, "हा भैया सरळ आहे हो. दोन्हीकडे मोजून घालतो."

"थांबा वहिनी!" मी ओरडलोच.

"अगबाई, तुम्ही मराठी?"

डावं झाकण खोललं, स्प्रिंग काढली, पट्टी घातली. तेल दोन बोटं कमी! जुगल म्हणतो, "मालिक, इत्तो तो चलत है."

वहिनी दहादा आभार मानून गेल्या. त्या हेच हिंदीत म्हणाल्या असत्या तर? जाऊ दिलं असतं मी. हिंदीत तर रोजच कोणी ना कोणी म्हणतं.